आयरिश स्ट्यू : बिअर आटवू नका, मांसाला वेळ द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सेंट पॅट्रिक दिनानिमित्त, म्हणजे आयर्लंडच्या राष्ट्रीय सणानिमित्त, आपल्या पुरवणीत काळ्या बिअरमधल्या आयरिश बीफ स्ट्यूची पाककृती आली. आयर्लंडच्या साध्यासुध्या जेवणाला मराठी वृत्तपत्रात जागा मिळाली याचा आनंद आहे. पण ‘बिनहाडाचे कोणतेही मांस, कुकरच्या चार शिट्ट्या’ आणि ‘बिअर निम्मी होईपर्यंत आटवा’ या त्यातल्या दोन सूचना पाळल्या, तर मांस चिवट राहील आणि रस्सा कडू होईल. शिवाय मद्याबद्दलचे एक विधान सरळ चुकीचे आहे.

या पदार्थाला कोणतेही मांस चालत नाही. जनावराचा खांदा किंवा पायाची नळी, म्हणजे ज्या स्नायूंना रोज काम पडते तेच भाग हवेत. त्यांत कोलेजन, म्हणजे स्नायूंना बांधून ठेवणारे चिवट प्रथिन, भरपूर असते. सुमारे ७० अंश सेल्सिअसच्या पुढे ते हळूहळू विरघळते आणि त्याचे जिलेटिन होते. रश्श्याला ओठांना चिकटणारा दाटपणा येतो तो त्यामुळे. अंडरकट (कमरेजवळचा मऊ भाग) महाग असतो म्हणून चांगला, असे समजून तो इथे वापरू नये. त्यात विरघळायला काही नसते, दोन तासांत त्याचा चोथा होतो. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीवर आधीपासूनच आणि २०१५ पासून बैल व वळूच्याही कत्तलीवर बंदी असल्याने दुकानात मिळते ते म्हशी-रेड्याचे मांस. त्यातही खांदा आणि नळीच मागावी. जनावर वयाने मोठे असेल तर अर्धा-पाऊण तास जास्त लागेल, आणि या मांसात चरबी कमी असल्याने तेल चमचाभर वाढवावे.

एक किलो मांसाच्या चार सेंटिमीटरच्या फोडी कराव्यात. याहून लहान केल्या तर शेवटी नुसते धागे उरतात. फोडी कोरड्या पुसून मीठ लावावे आणि जाड बुडाच्या पातेल्यात, चांगल्या तापलेल्या तेलात तीन-चार हप्त्यांत परताव्यात. सगळे मांस एकदम टाकले की पाणी सुटते. पाणी आहे तोवर पातेल्यातले तापमान शंभर अंशांवर अडकते आणि फोडी करड्या होऊन उकडतात. खरपूस रंगाला १४० अंशांच्या आसपासची उष्णता लागते. फोड टाकल्यावर दोन-तीन मिनिटे हलवू नये, तळाशी गडद तपकिरी झाली की ती आपसूक सुटते. मैद्यात घोळवून परतण्याची पद्धतही आहे, पण तिसऱ्या हप्त्यापर्यंत बुडाचा मैदा जळतो आणि ती जळकी चव अखेरपर्यंत जात नाही.

मांस काढून त्याच पातेल्यात दोन मोठे कांदे दहा मिनिटे मऊ होऊ द्यावेत. मग तीन लसूण पाकळ्या, चमचाभर टोमॅटो प्युरी आणि दोन मोठे चमचे मैदा घालून, मैद्याचा कच्चेपणा जाईपर्यंत दोन मिनिटे परतावे.

आता बिअर. डब्लिनच्या सेंट जेम्सेस गेटची गिनेस किंवा कॉर्कची मर्फीज वा बीमिश, यांपैकी कोणतीही स्टाउट, म्हणजे काळी बिअर, चालेल. नेहमीची पिवळी लागर मात्र नको, तिच्यात भाजलेल्या बार्लीची चव नसते. स्टाउटचा कडूपणा हॉप्स नावाची कडू फुले आणि करपेपर्यंत भाजलेल्या बार्लीतून येतो. पाणी उडते, मद्य उडते, पण हा कडूपणा उडत नाही. बिअर निम्मी आटवली की कडूपणा तेवढाच राहतो आणि रस मात्र अर्धा होतो. म्हणून साधारण साडेचार टक्क्यांपर्यंत मद्य असलेली स्टाउट ४०० मिलिलीटर ओतावी, बुडाला चिकटलेली तपकिरी खरवड लाकडी उलथन्याने सोडवून घ्यावी, दोन-तीन मिनिटे उकळू द्यावे आणि लगेच ५०० मिलिलीटर कमी मिठाचा बीफ स्टॉक (हाडे-मांस उकळून काढलेला रस) घालावा. गिनेसचाच फॉरिन एक्स्ट्रा हा प्रकार असेल, तर ती साडेसात टक्क्यांची असते आणि तिची चवही जास्त उग्र, तिची २५० मिलिलीटर पुरे, बाकी स्टॉक वाढवावा. एवढे करूनही कडवट लागले तर चमचाभर ब्राउन शुगर किंवा सुपारीएवढा गूळ घालावा. पाणी ओतून फक्त रस्सा पातळ होतो.

मांस परत घालून थाइमच्या चार काड्या आणि युरोपीय बे लीफचे एक पान टाकावे. आपले तमालपत्र त्याच्याऐवजी घालू नये, त्याच्या दालचिनीसारख्या वासाने स्ट्यूची चवच बदलते. ओव्हन १५० ते १६० अंशांवर ठेवून किंवा गॅसच्या सर्वांत मंद आचेवर, झाकण लावून अडीच तास. पृष्ठभागावर एखाद-दुसरा बुडबुडा फुटावा, एवढीच आच हवी. खळखळ उकळले की स्नायूंचे धागे आकसून स्वतःचेच पाणी पिळून टाकतात. दीड तासाने फोड चाखली तर ती परतताना होती त्याहून चिवट लागते आणि इथेच अनेक जण आच वाढवतात. तसे करू नये. धागे आकसलेले असतात, पण कोलेजन अजून पुरते विरघळलेले नसते. त्याला तासभर आणखी लागतो.

तीन गाजरे शेवटच्या तासाला, मोठ्या फोडींचे ६०० ग्रॅम बटाटे शेवटच्या पाऊण तासाला. स्टाउट आणि टोमॅटोच्या आंबटपणामुळे बटाटा नेहमीपेक्षा उशिरा मऊ होतो, तेव्हा सुरी घालून पाहावे, घड्याळावर विसंबू नये. बटाटे वेगळे उकडून लोणी-दूध घालून कुस्करले आणि त्यावर स्ट्यू वाढला तर माझ्या मते जास्त चांगले. मीठ अगदी शेवटी चाखून घालावे.

कुकरला विरोध नाही. पण पहिल्या शिटीनंतर मंद आचेवर ३५ मिनिटे द्यावीत, वाफ आपोआप जिरू द्यावी आणि मग भाज्या घालून उघड्यावर शिजवावे.

हा पदार्थ ‘आयर्लंडचा प्राचीन वारसा’ नव्हे, हेही नोंदवायला हवे. जुना आयरिश स्ट्यू म्हणजे मेंढीचे मांस, बटाटे, कांदे आणि पाणी. बीफ आणि स्टाउटची जोडी त्या मानाने अलीकडची, पण तिच्या जागी ती उत्तम आहे.

आता ते चुकीचे विधान. ‘शिजताना सगळे मद्य उडून जाते’ हे खरे नाही. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यानुसार पदार्थात मिसळून अर्धा तास शिजवल्यावर सुमारे ३५ टक्के आणि अडीच तासांनी सुमारे ५ टक्के मद्य उरते. घट्ट बंद कुकरमधून ते आणखी कमी उडते. मद्य वर्ज्य असणाऱ्यांना किंवा लहान मुलांना हा स्ट्यू ‘आता त्यात काही नाही’ म्हणून वाढणे योग्य नाही. त्यांच्यासाठी स्टाउट वगळून तेवढाच स्टॉक घालावा. पुढच्या रविवारी निदान एवढी दुरुस्ती तरी ठळकपणे छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, डब्लिन