ग्रँटचेस्टरचे घर केवळ कवीचे नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत केंब्रिजवर आलेल्या लेखात जवळच्या ग्रँटचेस्टर गावातील ‘ओल्ड व्हिकरेज’ची (म्हणजे पाद्र्याच्या जुन्या निवासाची) ओळख ‘कवी रूपर्ट ब्रुक यांचे घर’ एवढीच करून दिली आहे. ब्रुक १९१० नंतर काही काळ तेथे भाड्याने राहत होते, मालक ते कधीच नव्हते. आणि तोवर हे पाद्र्याचे घरही राहिले नव्हते, कारण १८२० मध्येच ते चर्चच्या मालकीतून खासगी हातांत गेले होते.

वास्तुकलेच्या दृष्टीने ते साल महत्त्वाचे आहे. सुमारे १६८५ मध्ये जुन्या वास्तूच्या जागी बांधलेले हे लाल विटांचे घर एखाद्या सुखवस्तू गृहस्थाचे वाटावे असे आहे. पुढे १८४० च्या दशकात प्यूजिन आणि बटरफील्ड या वास्तुकारांनी पाद्र्यांच्या निवासांनाही गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन चर्चच्या धाटणीचे, वळण दिले. उभ्या उताराची छपरे, दगडी चौकटी आणि दर्शनी बाजूचा समतोल साधण्याऐवजी आतील खोल्यांच्या गरजेप्रमाणे बसवलेल्या खिडक्या ही त्या घरांची लक्षणे होत. (याच बटरफील्ड यांनी कुलाब्याच्या अफगाण चर्चमधील फरश्यांची रचना केली.) ग्रँटचेस्टरचे घर तेव्हा चर्चकडे असते, तर एखाद्या उत्साही पाद्र्याने त्याचा चेहरामोहरा बदलून टाकला असता, असे मला वाटते.

गंमत अशी की गॉथिक तेथे आले, पण बागेत आणि एका गृहस्थाच्या हौसेपोटी! एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास घर विकत घेणारे सॅम्युएल पेज विडनॉल यांनी ते वाढवले, तेथे स्वतःचा छापखाना चालवला आणि १८५७ मध्ये बागेत किल्ल्याचा ‘भग्नावशेष’ नव्याने बांधला. असल्या बांधकामांची थट्टा करण्याची पद्धत आहे. मला मात्र राहत्या घराची जुनी वीट सांभाळून आपली हौस बागेत भागवणारा मालक शहाणाच वाटतो.

ब्रुक यांच्या मृत्यूनंतर, १९१६ मध्ये, त्यांच्या आईने हे घर विकत घेऊन त्यांचे मित्र डडली वॉर्ड यांना दिले आणि अलीकडच्या काळात कादंबरीकार जेफ्री आर्चर यांचे कुटुंब तेथे राहत आले. लेखात ब्रुक आणि आर्चर या दोघांची नावे आहेत, विडनॉल यांचे नाही. पुरवणीच्या पुढील अंकात त्यांचा निदान एका ओळीत उल्लेख व्हावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे