काकू, त्या चार इंचांसाठी

प्रिय काकू,
सा. न.

प्रबंध काल जमा केला. मार्क यायचेत, पण तेवढा धीर नाही, म्हणून आजच लिहायला बसले. फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही ‘जेवलीस का’ विचारून विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांसमोर. शिवाय लंडनला आर्किटेक्चर शिकायला येणाऱ्या आपल्याकडच्या मुलामुलींच्याही वाचनात यावं, असं मनापासून वाटतं.

जॉर्जियन काळातल्या (म्हणजे ढोबळमानाने अठराव्या शतकातल्या) एका ब्रुअरचं, बिअर बनवणाऱ्या कारखानदाराचं घर, हा माझा विषय. मी लंडनच्या चिसवेल स्ट्रीटवरचं सॅम्युएल व्हिटब्रेड या ब्रुअरचं घर घेतलं होतं. महिनाभर नकाशे आणि फोटो बघून लिहिलेला मसुदा परत आला. शेरा एकच होता: यात घर आहे, ब्रुअर कुठे आहे? त्याच आठवड्यात संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी तोंड पाडून बसले होते. तिळगूळ हातावर ठेवता ठेवता तुम्ही विचारलंत, “ते घर जाऊन बघितलंस का गं?” मी गप्प. तिथे आता लग्नं आणि समारंभ होतात, सहज आत सोडत नाहीत. तुम्ही चार फोन केलेत आणि एका समारंभाआधीचा तासभर मिळवून दिलात.

आत जायच्या आधी तुम्ही मला फुटपाथवरच थांबवलंत. पिशवीतून शिवणाची टेप काढलीत. “विटेच्या कडेपासून खिडकीची चौकट किती आत आहे, मोज.” थंडीने बोटं वळत नव्हती, तरी मोजलं. चार इंचांहून थोडं जास्तच भरलं. मग तुम्ही सांगितलंत, की 1666च्या आगीत शहर जळाल्यावर लाकडाची धास्तीच बसली होती. पूर्वी चौकटी भिंतीच्या तोंडाशी बसवत, त्यामुळे ज्वाळा एका घरावरून दुसऱ्यावर उडी मारायच्या. 1709च्या कायद्याने त्या चार इंच आत ढकलल्या. 1774च्या कायद्याने तर सरकत्या खिडकीच्या चौकटीची लाकडी पेटीच विटेमागे लपवली. मी मसुद्यात लिहिलं होतं, ‘खोल खिडक्यांमुळे दर्शनी भागाला सुंदर सावली लाभते.’ काकू, ती सावली आगीच्या भीतीतून आली आहे, हे मला तुमच्या टेपने शिकवलं. आणि 29 डिसेंबर 1940च्या रात्री बॉम्बहल्ल्यात हा सगळा परिसर पेटला तेव्हा हे आवार मात्र वाचलं, हे सांगताना तुम्ही भिंतीवर हात ठेवला होतात. तो हात मला अजून दिसतो.

घराला लागूनच त्याचा बिअरचा कारखाना. तिथल्या पोर्टर टन रूममध्ये (टन म्हणजे बिअरचं मोठं पिंप) तर मी मान वर करून उभीच राहिले. मध्ये एकही खांब नाही, वर नुसत्या लाकडी कैच्या. याहून रुंद लाकडी छत लंडनमध्ये वेस्टमिन्स्टर हॉलचंच, असं सांगतात. पण एवढं छत लागलं कशाला, हे मी कधी स्वतःला विचारलंच नव्हतं. पोर्टर म्हणजे हमाल. लंडनच्या हमालांची आवडती काळी बिअर, म्हणून तिचं नाव पोर्टर. ती महिनोन्‌महिने मुरवावी लागे, म्हणून प्रचंड पिंपं, आणि म्हणून ही जागा. पिंपंही पुरेनात तेव्हा जमिनीखाली हौद बांधले, आणि ते गळू नयेत म्हणून दीपगृह बांधणाऱ्या जॉन स्मीटनसारख्या इंजिनिअरला बोलावलं. 1785 मध्ये वॉटचं वाफेचं इंजिन आलं (ते आता सिडनीच्या संग्रहालयाचं आहे). 1787 मध्ये राजा तिसरा जॉर्ज आणि राणी शार्लट ते बघायला आले. 1796 मध्ये वर्षाला दोन लाख बॅरलांहून जास्त बिअर इथून निघाली. बिअर बनवण्याची ती परंपरा 1976 पर्यंत चालली.

बाहेर येताना तुम्ही मला अंगणात उभं करून मागे वळायला लावलंत. रस्त्याच्या बाजूने व्यवस्थित ओळीतल्या खिडक्या, आणि पाठीला लागून गाड्यांचं, घोड्यांचं, धुराचं आवार. “1750 मध्ये तो इथे आला तो कामाच्या शेजारी राहायला. पुढून शेठजी, मागून कारखानदार,” तुम्ही म्हणालात. माझा ब्रुअर मला तिथे सापडला. त्या रात्री पहिलं प्रकरण फाडून पुन्हा लिहिलं, आणि सुरुवात घराच्या मागच्या दारापासून केली.

तुमचे गुडघे दुखत होते, हे मला परतीच्या बसमध्ये कळलं. तरी तुम्ही दोन तास उभ्या होतात. माझ्या आईला हे सगळं सांगितलं, तर ती फोनवर रडली.

टेप माझ्याकडेच राहिली आहे. रविवारी आणून देते, आणि आईने पाठवलेलं मेतकूटही.

तुमची लेक