व्याजाचा रकाना कुठे आहे?

महोदय,
सरकारने बाजारातून अंग काढून घ्यावे, असे हल्ली कट्ट्यावरही ऐकू येते. पटते, पण अर्धेच. तोडलेला ऊस दोन दिवस फडात पडला की वजन घटते. मग शेतकऱ्याने भावासाठी घासाघीस करायची कधी? म्हणून तर १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात कारखान्याने १४ दिवसांत पैसे द्यायचे आणि उशीर झाल्यास वर्षाला १५ टक्के व्याज, अशी तरतूद आहे. गेल्या हंगामात माझे बिल दीड महिन्याने जमा झाले. पावतीवर तोडणी-वाहतुकीची कपात पैशापर्यंत मांडलेली, व्याजाचा रकानाच नाही. विचारले तर कारकून नुसता हसला. (चहा मात्र पाजला.)

शाहू महाराजांनी कोल्हापुरात शाहूपुरीची बाजारपेठ वसवली, राधानगरीचे धरण हाती घेतले. गुळाचा व्यापार मात्र व्यापाऱ्यांनीच केला. आजच्या सरकारनेही साखर विकत बसू नये. पण वजनकाटे न सांगता येऊन तपासावेत आणि थकलेले व्याज वसूल करून द्यावे, मग कारखाना सहकारी असो की खासगी.

– एक ऊस उत्पादक, करवीर, जि. कोल्हापूर