लग्नाची रंगीत तालीम, गच्चीवर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लग्नसराईत आपल्या अंकात मंगल कार्यालयांच्या जाहिराती येतात. गेल्या आठवड्यात एका जाहिरातीत 'आदल्या संध्याकाळसह' हे शब्द ठळक टायपात वाचले आणि माझं जुनं दुखणं वर आलं. म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री लावा, पण खिरीचा भाग तेवढा ठेवा.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात 34 वर्षं दिवाणजी होतो. दिवसा पोत्यांचा हिशेब आणि रात्री हौशी नाटकांचं प्रॉम्प्टिंग. स्वतः कधी तोंडाला रंग लावला नाही, पण तालमी शेकड्यांनी पाहिल्या.

मुलीचं लग्न पाच वर्षांपूर्वी केलं. आदल्या रात्री कार्यालयात सीमांतपूजन, त्यावर संगीत, अडीचशे पानं. मुलीकडचे म्हणून सगळं आमच्या अंगावर. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, हा नियम 2000 सालापासून आहे. त्या दिवशी तो साडेअकराला पाळला गेला. शेवटची पंगत उठली तेव्हा पावणेबारा वाजले होते. आमची सौ. जेवलीच नाही, मी उभ्याउभ्या दोन जिलब्या खाल्ल्या. सकाळी नवरी आरशात बघून रडायला लागली, डोळे सुजलेले. आणि मुहूर्ताला वीस मिनिटं असताना गुरुजींनी हात पुढं केला, तर अंतरपाट कुणीच आणलेला नव्हता. आम्हाला वाटलं त्यांनी आणलाय, त्यांना वाटलं आम्ही. शेवटी व्याह्यांच्या उपरण्यावर लग्न लागलं. अडीचशे माणसं जेवली, पण उद्या कोण काय आणणार हे एकानं दुसऱ्याला विचारलं नव्हतं.

जन्मभर विंगेत उभ्या राहिलेल्या माणसाच्या घरी हे व्हावं! आणि तेही सांगलीत. 5 नोव्हेंबर 1843 ला विष्णुदास भाव्यांनी ज्या खेळानं मराठी रंगभूमीची सुरुवात केली असं आपण मानतो, तो 'सीता स्वयंवर', म्हणजे लग्नाचाच खेळ. नाटकाची तालीम केल्याशिवाय आम्ही पडदा वर जाऊ देत नाही, लग्नाला मात्र थेट उभं राहतो.

या माघात मुलाचं लग्न होतं. आता आम्ही मुलाकडचे. लग्न सांगलीतच, सोयरे विट्याचे. कार्यालयाच्या व्यवस्थापकांनी आदल्या संध्याकाळचे 65 हजार वेगळे सांगितले, आणि ती संध्याकाळ घेतली नाही तर लग्नाच्या दिवशी नऊच्या आत किल्ली मिळणार नाही म्हणाले. मुहूर्त 12 वाजून 35 मिनिटांचा. मी म्हटलं, नऊला चालेल.

घरी आलो तर सौ.चा पहिला प्रश्न, ''मग त्या रात्री पोरीकडच्यांना जेवायला कुठं घालायचं?''

माझा भाचा न्यू जर्सीला असतो. त्यानं फोनवर सांगितलं होतं, की तिकडं लग्नाच्या आदल्या दिवशी नवरा-नवरी, दोघांचे आईवडील आणि जवळची मित्रमंडळी चर्चमध्ये जमून दुसऱ्या दिवशीचा सगळा विधी एकदा चालून बघतात. कोण कुठून येणार, कुठं उभं राहणार, सगळं. मग एकत्र जेवतात. त्याला रिहर्सल डिनर म्हणतात आणि रिवाजाप्रमाणं ते जेवण मुलाकडचे देतात. यातलं मला दोनच गोष्टींचं अप्रूप वाटलं. एक म्हणजे तालीम, आणि दुसरं म्हणजे खर्च मुलाकडचा.

तसंच आदल्या संध्याकाळी घरी करायचं ठरवलं, तर सीमांतपूजनाचं काय, असं बहिणीनं विचारलं. सीमांत म्हणजे गावाची शीव. वऱ्हाड शिवेवर आलं की तिथं जाऊन त्याचं स्वागत करायचं, एवढाच मूळ अर्थ. आपण बोलता बोलता त्याचं 'श्रीमंतपूजन' केलं आणि तसंच ते झालंही. शिवा तर कधीच पुसल्या. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून 1998 साली एकच महापालिका झाली, त्यामुळं शिवेवर जायचं म्हणजे नक्की कुठं जायचं हे कुणीतरी मला नकाशावर दाखवावं. आम्ही व्याह्यांना गुळाचा खडा आणि पाणी दिलं ते घराच्या पायरीवर. तीच शीव.

घर गावभागात आहे, जुनं, वर मोठी गच्ची. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आमच्या तळमजल्यात शिरली होती, तेव्हा याच गच्चीवर तीन घरांनी मिळून एका शेगडीवर दिवस काढले. सौ. घाबरली होती, तेव्हा मी तिला तेच म्हटलं: पुरात जमलं, ते लग्नात का जमू नये?

माणसं 42 ठरली. दोन्हीकडच्या ज्यांना उद्या काही ना काही काम आहे, तेवढीच. बाकीच्यांना उद्याच्या अक्षता आहेतच. निमंत्रण फोनवर दिलं, आहेर आणू नका, साडी नेसून नटून येऊ नका, असं स्पष्ट सांगून. भांडी भाड्यानं न आणता शेजारच्या चार घरांतून गोळा केली. सतरंज्या नाट्यसंस्थेच्या.

आता जेवण. मी एकच नियम घातला होता: उद्या पंगतीत जे आहे ते आज नको. जिलेबी, मठ्ठा, मसालेभात बाद. आदल्या रात्री तेच खाऊन दुसऱ्या दिवशी पानावर बसलेला माणूस नुसता चिवडत बसतो. म्हणून अख्खा मसूर केला, आमच्या वाळवा तालुक्यातल्या ढाब्यांनी नावाला आणलेला. तीन किलो मसूर आणि घरचा कांदा-लसूण मसाला, चार वाजता शिजवून झाकून ठेवला. हा पदार्थ चूल सोडून बसला की आणखी मुरतो, फक्त वाढताना आधणाचं पाणी जवळ ठेवावं, कारण घट्ट होतो. सोबत शाळूच्या भाकरी, खर्डा, दही, कापलेला कांदा. आल्याआल्या पाहुण्यांच्या हातात भडंग दिला. कांदा-कोथिंबीर त्यात तेव्हाच घातली, आधी घातली असती तर पाच मिनिटांत मऊ पडला असता. भात मात्र सातनंतरच लावला. दुपारी शिजवलेला भात रात्री पानात घालू नये, दुसऱ्या दिवशी लग्न असताना तर नाहीच.

भाकरी आमच्या गल्लीच्या टोकाला दोघी बहिणी ऑर्डरवर करून देतात, त्यांच्याकडून 110 सांगितल्या. इथं मी चुकलो. गरम गरम भाकरींची चळत टॉवेलात गुंडाळून डब्यात भरली आणि अर्ध्या तासात तळच्या पंधरावीस भाकरींना पाणी सुटलं. बुट्टीत कापड घालून मोकळ्या ठेवायला हव्या होत्या. थोरली बहीण मला म्हणाली, ''दिवाणजी, हळद वाळवायची म्हाईत हाय, भाकरी न्हाई?'' गप्प बसलो.

खीर खपली गव्हाची. गहू आदल्या रात्री भिजत घातलेले, सकाळी कुकरमधून शिजवून, गूळ घालून, वर सुंठ आणि खोबरं. ही सकाळी करून ठेवता येते, म्हणूनच निवडली. फक्त दूध पानात वाढताना, थंड आणि वरून घालायचं. गुळाच्या गरम खिरीत दूध ओतलं की ते फाटतं. हे मी सगळ्यांना सांगितलं होतं. पण शेजारच्या वहिनींनी मायेनं दोन लिटर दूध थेट एका पातेल्यात ओतलं, आणि पातेलं शेगडीवर होतं. बघता बघता चोथापाणी झालं. सौ.चा चेहरा उतरला. मुलाकडचे आम्ही, पहिलंच जेवण, आणि गोडाची ही अवस्था. तेवढ्यात विहीणबाई जिन्यातून वर आल्या, पातेल्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, ''आमच्याकडं दर दिवाळीला हेच होतं.'' मग त्यांनीच बाही मागं सारून ते पातेलं बाजूला काढलं आणि दुसऱ्यातली खीर वाढायला घेतली. विहिणीनं मुलाकडच्यांच्या स्वयंपाकघरात झारा हातात घेतला! माझ्या आईच्या वेळी यावरून वरात मांडवातून परत गेली असती. त्यानंतर मानपान हा शब्द कुणाच्या तोंडी आला नाही. त्या पातेल्यातलं दूध फाटलं नसतं तर काय झालं असतं, याचा मी अजून विचार करतो.

विट्याकडची बरीच मंडळी गलाईच्या धंद्यात, सोनं-चांदी शुद्ध करण्याच्या कामात, देशभर पांगलेली आहेत. नवरीचे दोन चुलते कोइमतूरहून आले होते, दुपारीच मिरज स्टेशनवर उतरलेले. त्यातल्या धाकट्यांनी पाच भाकरी खाल्ल्या. सहावीला हात पुढं केला आणि बायकोकडं बघून मागं घेतला.

जेवणाआधी तालीम. मी दोन दिवस आधी वहीत प्रवेश लिहून काढले होते, कोण कुठल्या दारानं येणार, कुणाच्या हातात काय. नाटकाची सवय, दुसरं काही नाही. वरचा दिवाणखाना म्हणजे स्टेज धरला आणि पलंगावरची चादर हा अंतरपाट. लगेच पहिला घोळ सापडला. मुलगा सहा फुटी, अंतरपाट धरणार होते ते आमचे मेहुणे सव्वापाच फुटी. चादरीवरून नवरा नवरीला आरामात बघत उभा. मेहुण्यांना करवल्यांच्या मागं समईजवळ नेमलं आणि कोइमतूरचे थोरले चुलते चादरीला लावले. दुसरा घोळ मंगलाष्टकांचा. दोन्हीकडच्या मिळून पाच बायका म्हणणार होत्या, प्रत्येकीची चाल वेगळी आणि दोघींची दोन कडवी तीच. गुरुजींच्या 'तदेव लग्नं'ला किती वेळ सोडायचा हे कुणी धरलंच नव्हतं. घड्याळ लावून म्हणून घेतलं तर 14 मिनिटं झाली. एकीनं स्वतःहून कडवं सोडलं. ती जी सोडणारी होती, तिला मी दुसरी खीर जास्त वाढायला सांगितलं.

आणि कागद. विवाह नोंदणीच्या अर्जाला तीन साक्षीदार लागतात, पुरोहितांची सही लागते. मुलीच्या वेळी हे सगळं लग्नानंतर दोन महिने गोळा करत फिरलो होतो, एक साक्षीदार तोवर पुण्याला गेलेले. या वेळी सह्या लग्न लागल्यावर कार्यालयातच घेतल्या, पण साक्षीदारांचे फोटो आणि आधारच्या प्रती आदल्या रात्री गच्चीवर एका पाकिटात आल्या. पाकीट माझ्या उशाखाली.

सगळेच खूश झाले असं लिहिलं तर ते खोटं होईल. माझी धाकटी बहीण त्या रात्री फारशी बोलली नाही. नंतर म्हणाली, ''दादा, तुझ्या पोरीच्या लग्नात मी कामं उपसली, आता मुलाकडची करवली म्हणून मिरवायचा माझा एकच दिवस होता, तोही तू भाकरीवर भागवलास.'' तिचं चूक नाही. बायकांना मिरवायला आपल्याकडं दिवस किती मिळतात? मी तिला दुसऱ्या दिवशी मांडवात रुखवतापाशी मानाची खुर्ची दिली, पण ती काही भरपाई नव्हे, हे मलाही कळतं. आणि ज्यांच्याकडं गच्ची नाही, दोन खोल्यांचं घर आहे, त्यांनी कार्यालय घेतलं तर त्यांना मी काय सांगणार? तरीही 15 माणसांत पिठलं-भात आणि एक चादर कुठल्याही घरात मावते.

खर्च वहीत आहे. भाकरी, मसूर, दही, गहू, गूळ, दूध, भांडी घासायला आलेल्या दोन मावशी, पत्रावळ्या, सगळं धरून 8 हजार 400 रुपये. साडेनऊला पाहुणे लॉजवर परत गेले. दहाला आमची सौ. जेवून, पाय पसरून गच्चीत बसली होती. पाच वर्षांपूर्वी याच वेळेला ती कार्यालयात भटारखान्याच्या दारात उभी होती. लांब कुठल्यातरी लॉनवर डीजे चालू होता. या वेळी तो बरोबर दहाला थांबला, हेही नोंदवतो.

आपल्या लग्न पुरवणीत दरवर्षी दागिने, शालू आणि कार्यालयं असतात. त्यात एक कोपरा आदल्या रात्री घरी काय केलं, किती माणसांत केलं, काय फसलं, यासाठी ठेवावा ही विनंती. वाचक लिहितील. विशेषतः मुलाकडच्यांनी लिहावं. खर्चाचं बोलायला मुलीकडचेच का पुढं येतात?

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त दिवाणजी
गावभाग, सांगली

ता. क. भांडी परत करताना एक पितळी झारा उरला आहे. दांड्यावर 'शां. कृ.' अशी अक्षरं आणि चंद्रकोर कोरलेली आहे. चारही घरं आपला नाही म्हणतात. विट्याचा असेल तर विहीणबाईंनी न्यायला यावं, त्या निमित्तानं.