२७ होम रन बघून भुलू नका

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार,

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये क्रिकेट आणि बेसबॉल दोन्ही आहेत, त्या निमित्ताने रविवारी तुम्ही जुन्या बेसबॉलवर अख्खं पान दिलंत ते आवडलं, आपल्याकडे क्रिकेट सोडून दुसऱ्या खेळाला एवढी जागा देतंय कोण. पण १८८४ च्या सीझनचा बेस्ट बॅटर म्हणून नेड विल्यमसन छापलेला बघितला आणि राहवलं नाही, म्हणून हे पत्र.

२७ होम रन (बॉल थेट कुंपणापार, आपल्या सिक्ससारखा) मारले हे खरंच आहे, बेब रूथने १९१९ ला २९ मारेपर्यंत तो रेकॉर्ड टिकला. पण त्यातले २५ शिकागोच्या घरच्या लेक फ्रंट पार्कवर मारलेत हो! तिथे लेफ्टचं कुंपण १८० फुटांवर आणि राईटचंही दोनशेच्या आतच. आदल्या वर्षी त्याच कुंपणावरून बॉल गेला की डबल, म्हणजे दोनच बेस धरायचे, म्हणून १८८३ ला ह्या माणसाचे डबल ४९ आणि होम रन फक्त २. मग ८४ ला ठरलं की आता होम रन धरायचा, झालं, एकाच टीमच्या चार जणांनी वीसच्या वर मारले. ८५ ला ग्राऊंड बदललं तर विल्यमसन आला ३ वर. आमच्या घोडबंदर रोडला जाळी लावलेल्या टर्फवर रात्री अकरा वाजता ओव्हरला चार सिक्स मारणारे पोरगे ढिगाने आहेत, त्यांना दादोजी कोंडदेव स्टेडियमवर उभं करा, मग बोलू.

माझं मत बफेलोच्या डॅन ब्रूदर्सला. होम रन १४ च, पण स्लगिंग, म्हणजे एका संधीमागे किती बेस मिळवले, त्यात तो ०.५६३ आणि विल्यमसन ०.५५४. एवढं बारकं ग्राऊंड मिळूनही मागेच! किंग केलीची ०.३५४ ची ॲव्हरेज, म्हणजे एका संधीमागे किती हिट, नॅशनल लीगमध्ये पहिली होती, पण तोही शिकागोचाच, त्यामुळे हात आखडताच घ्यावा लागतो.

फ्रेड डनलॅपला तुम्ही यादीत घेतलं नाहीत ते मात्र झकास केलंत. ०.४१२ वाचून कुणीही फसेल. त्या वर्षी तीन मोठ्या लीग चालू होत्या आणि हा होता युनियन असोसिएशनमध्ये, जी एकच वर्ष टिकली, काही टीमनी तर मधेच गाशा गुंडाळला. लीगचा अध्यक्ष हेन्री लुकस आणि डनलॅपच्या सेंट लुईसचा मालक पण तोच, मग चांगले प्लेअर कुठे जाणार, ९४ जिंकल्या १९ हरल्या. पुढच्या वर्षी तीच टीम नॅशनल लीगमध्ये आली, शेवटचा नंबर, डनलॅप ०.२७० वर.

पिचरमध्ये, म्हणजे बॉल टाकणाऱ्यांत, प्रॉव्हिडन्सचा ओल्ड हॉस रॅडबर्न, ह्याला माझा आक्षेप नाही. फक्त तुम्ही ६० विजय (मॅच जिंकली की विजय एका पिचरच्या नावावर लागतो) लिहिलेत ते आजच्या हिशोबाने ५९ होतात, कारण एका मॅचमध्ये तो दुसऱ्या पिचरच्या जागी मधेच आला तेव्हा टीम आधीच पुढे होती, आजच्या नियमात तो विजय पहिल्या पिचरचा. पण एका विजयाने काय फरक पडतो, खरी गोष्ट पुढेच आहे आणि तीच तुमच्या पानावर नाही. जुलैमध्ये दुसरा मेन पिचर चार्ली स्वीनी चालू मॅचमध्ये भांडून निघून गेला आणि थेट लुकसच्याच सेंट लुईसला जाऊन मिळाला, क्लब बंद करायची भाषा सुरू झाली, रॅडबर्न स्वतः तेव्हा सस्पेंड होता, तो म्हणाला जास्तीचे पैसे द्या आणि सीझननंतर मोकळं करा, बाकीच्या मॅच मी टाकतो. आणि टाकल्या की! अख्ख्या सीझनमध्ये ७३ मॅच सुरू केल्या, ७३ च्या ७३ शेवटपर्यंत स्वतःच टाकल्या, ६७८ च्या वर इनिंग. हो, पिचर आणि बॅटरमधलं अंतर तेव्हा ५० फूटच होतं, बॅटर बॉल वर हवा की खाली ते सांगायचा, वॉकला, म्हणजे बॅटरला फुकट पहिला बेस मिळायला, सहा चुकीचे बॉल लागायचे, त्यामुळे त्याच्या ४४१ स्ट्राईकआऊटची (तीन स्ट्राईकवर बाद केलेले बॅटर) आजच्या पिचरशी तुलना करू नका. त्याच वर्षीच्या लोकांशी करा. लुईव्हिलच्या गाय हेकरशी करा ना, अमेरिकन असोसिएशनमध्ये ५२ विजय, ३८५ स्ट्राईकआऊट, आणि त्याचं नाव कुणी काढत नाही, तुम्ही पण नाही.

अजून एक, यादीत कॅचरच (आपल्या विकेटकीपरसारखा) नाही! बक युइंगने २० ट्रिपल, म्हणजे तीन बेसचे फटके मारलेत, त्याला घ्या, माझं काही म्हणणं नाही. पण टोलेडोच्या मोझेस फ्लीटवूड वॉकरवर दोन ओळी तरी हव्या होत्या. कृष्णवर्णीय माणूस, त्याच्यानंतर मोठ्या लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडू दिसला तो थेट १९४७ ला, जॅकी रॉबिन्सन. टोलेडोचाच पिचर टोनी मुलेन पुढे कबूल करून गेला की वॉकर माझा सगळ्यात चांगला कॅचर, पण तो काळा म्हणून मी त्याचे इशारे बघायचोच नाही, मनाला येईल तो बॉल टाकायचो. आता सांगा, हातात धड ग्लोव्ह नाही आणि कुठला बॉल येणार ते माहीत नाही, अशा कॅचरकडून सुटलेले बॉल कुणाच्या खात्यावर मांडायचे? स्कोअरबुकात ते वॉकरच्याच नावावर आहेत. बाळू पळवणकरांना दलित म्हणून आपल्या लोकांनी कॅप्टन केलं नाही हे वाचून मोठे झालेल्या मराठी वाचकाला हे वेगळं समजवायला लागणार नाही.

पुढच्या भागात १८८७ घेणार असाल तर त्या वर्षी वॉक पण हिट म्हणून मोजायचे एवढं आधी बघून घ्या, टिप ओनीलची ॲव्हरेज ०.४९२ छापली तर मी परत लिहीन, ती ०.४३५ आहे.

आपला नेहमीचा वाचक,
ठाणे पश्चिम