सायंवर्गासाठी आवाहन : छपराला पैसा हवा, शिकवायला माणसं हवीत

प्रभूमध्ये प्रिय बंधुभगिनींनो,

सप्रेम सलाम.

मंडळीच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, मागच्या हॉलमध्ये संध्याकाळी सात ते नऊ भरणारा, मोठ्यांना अक्षरं-अंक आणि मुलांना शाळेचा अभ्यास शिकवणारा सायंवर्ग आपणा सर्वांना ठाऊक आहे, म्हणून त्याची ओळख करून देत बसत नाही. मृगाच्या आधी हॉलवरचे टिन बदलले नाहीत, तर यंदा पावसाळाभर वर्ग बंद ठेवावा लागेल. आणि शिकवणारे आणखी पाच-सहा जण पुढे आले नाहीत, तर नव्या टिनाखालीही वर्ग चालणार नाही. कार्यकारिणीची बैठक काल रात्री उशिरा संपली. येत्या रविवारच्या आत हे आपल्या हाती पडावं म्हणून आजच लिहीत आहे.

ज्यांच्यामुळे हा वर्ग उभा राहिला, त्यांचं नाव न काढता हात पसरणं बरं दिसणार नाही. आपल्या दिवंगत मिसनी शाळेतून निवृत्त झाल्यावर स्वतःच्या व्हरांड्यात, धुणंभांडी करणाऱ्या बाईच्या मुलीला बाराखडी शिकवायला घेतली, तिथून हे सगळं सुरू झालं. मुलीमागून तिची आई बसायला लागली, आईमागून गल्लीतल्या चारजणी. व्हरांडा पुरेना तेव्हा तेव्हाच्या पाळकसाहेबांनी हॉलची किल्ली मिसच्या हातात दिली, ती शेवटपर्यंत त्यांच्याच पर्समध्ये होती. मग मोतीबागच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले आपले काका आले. सगळे बेंच त्यांनी स्वतः वेल्डिंग करून बनवले. आजही कुठलाही बेंच उलटा करून पाहा, खाली त्यांच्या हातचा पांढऱ्या रंगातला नंबर दिसेल. कुठला बेंच कधी दुरुस्त केला, याची त्यांची वही वेगळी होती. मेकोसाबागच्या आपल्या महिला संघाने नाताळच्या सेलमध्ये केक आणि आलूबोंडे विकून दोन पंखे आणि कूलर आणला. जरीपटक्याचे शेटजी आपल्या मंडळीचे नाहीत, पण दर जूनमध्ये वह्यांचा गठ्ठा न मागता दारात येऊन पडतो आणि नाव कुठेही लिहायचं नाही अशी त्यांची सक्त ताकीद असते. इंदोऱ्याचे वकीलसाहेब याच हॉलमध्ये बसून 17 नंबरचा, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसायचा, फॉर्म भरून दहावी झाले, ते आता दरवर्षी दोन मुलांची परीक्षा फी भरतात. त्यांना मी कधी फोन केला नाही, तेच करतात. 2020 च्या मे महिन्यात माणसं पोराबाळांसह जबलपूर महामार्गाने पायी निघाली होती, तेव्हा वर्गाच्याच मुलांनी ताक आणि पोळ्यांची पाकिटं वाटली. देणारे हात त्या दिवशी शिकणाऱ्यांचे होते, याचा आम्हाला आजही अभिमान वाटतो.

हे काम आपण का करतो, असं कोणी विचारलं की मला बायबलमधले प्रिस्किल्ला आणि अक्विला आठवतात. तंबू शिवून पोट भरणारं जोडपं. अपुल्लोस मोठा वक्ता, सभास्थानात धडाक्यात बोलत होता, पण त्याचं शिक्षण अर्धवट होतं. त्यांनी त्याला चारचौघांत टोकलं नाही. आपल्याकडे नेलं आणि नीट समजावून सांगितलं. आधी जवळ करणं, मग शिकवणं. रोमकरांस पत्राच्या 15 व्या अध्यायात पौल सांगतो की ख्रिस्ताने तुम्हाआम्हाला स्वीकारलं तसं तुम्ही एकमेकांना स्वीकारा. हे वचन आपण आराधनेत कितीदा वाचलं असेल. ते आठवड्यातल्या कुठल्या वाराला, किती वाजता पाळायचं, एवढाच प्रश्न आहे, आणि त्याचं एक उत्तर मागच्या हॉलमध्ये रोज सातला उघडतं.

आपल्या गावाला तर हा वारसा आहे. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपुरात आले, शाळा काढली, आणि शिकवता शिकवता शिकतही राहिले. गोंडांची गाणी, त्यांच्या बोलीतले शब्द त्यांनी टिपून ठेवले, ते 1863 मध्ये ओढ्याच्या पुरात त्यांचा अंत झाल्यावर 1866 मध्ये इंग्रज अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी छापून काढले. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक लग्नानंतर काही काळ नागपुरात होत्या. नवऱ्याने 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांचं सोवळं एका दिवसात सुटलं नाही, दुसऱ्याच्या हातचं पाणी पिणं त्यांना जमेना. पुढे त्याच बाईंच्या घरी परकी लेकरं आपली म्हणून वाढली. माणसाला जवळ करायला वेळ लागतो, हे त्यांनी कधी लपवलं नाही, म्हणून त्या मला फार जवळच्या वाटतात. आणि 29 नोव्हेंबर 1970 रोजी सहा वेगवेगळ्या मंडळ्या आपापली नावं बाजूला ठेवून उत्तर भारताची मंडळी म्हणून एक झाल्या, त्या आपल्या नागपुरातच. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना ती गर्दी अजून आठवते.

आता वर्गातलं थोडं सांगतो. मंगळवारी बाजारात भाजी विकणाऱ्या एक मावशी गड्डीगोदामहून येतात. बँकेतून पैसे काढायची स्लिप भरून द्यायला कोणीतरी दरवेळी त्यांच्याकडून दहा रुपये घ्यायचा, तो राग घेऊन त्या वर्गात आल्या. पहिल्याच आठवड्यात वर्गात शिकवणाऱ्या आपल्या ताईंच्या लक्षात आलं की मावशींना जवळचं दिसतच नाही. चष्मा आणून दिला. मग पेन्सिल अशी दाबून धरायच्या की एका पानावरचं अक्षर खालच्या तीन पानांवर उमटायचं. मार्चमध्ये त्यांनी उल्लासची, म्हणजे सरकारच्या प्रौढ साक्षरता कार्यक्रमाची, चाचणी दिली. वाचन 50, लेखन 50, संख्याज्ञान 50, असे दीडशे गुण. पास झाल्या. प्रमाणपत्र आलं त्याच्या आधीच त्या बँकेत जाऊन स्वतःच्या हाताने स्लिप भरून आल्या होत्या, आणि कार्बनची प्रत त्यांनी वर्गात सगळ्यांना फिरवून दाखवली.

दुसरी गोष्ट आपल्यातल्या काहींना आवडणार नाही, तरी लिहितो. मध्यवर्ती कारागृहातून सुटून आलेला एक मुलगा वर्गात यायला लागला, तेव्हा दोन-तीन घरांनी आपली मुलं पाठवणं थांबवलं. पाळकसाहेब कोणाला काही बोलले नाहीत. संध्याकाळी येऊन त्याच मागच्या बेंचवर त्या मुलाशेजारी बसायचे आणि भागाकार सोडवायचे. बायबलमधला फिलिप्प रथात चढून त्या परदेशी अधिकाऱ्याजवळ बसला, तेव्हाच त्याला वाचलेलं उमगलं ना? तो मुलगा आता सहावी-सातवीच्या पोरांना गणित शिकवतो. ज्या घरांनी मुलं थांबवली होती, त्यातल्या एका घरची मुलगी आज त्याच्याच रांगेत बसते.

वर्गात बौद्ध घरांतली मुलं आहेत, मुसलमान बाया आहेत, राजनांदगाव-बालाघाटहून बांधकामावर आलेल्यांची छत्तीसगढी बोलणारी लेकरं आहेत. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला वर्गाला सुट्टी असते, रमजानात बाया इफ्तार करून येतात म्हणून त्यांचा तास साडेसातनंतर घेतो. बाहेर कोणी कुजबुजतं की इथे धर्म बदलवतात. इथे अक्षरं, अंक आणि शाळेचा अभ्यास शिकवला जातो, पत्रकं वाटली जात नाहीत. ज्याला शंका असेल त्याने कुठल्याही दिवशी न सांगता यावं आणि मागे बसून बघावं. आमचा विश्वास आमच्या वागण्यात दिसला तर दिसू द्या.

बाहेरच्यांच्या बोलण्याचं फार वाटत नाही. आपल्याच माणसांचं वाटतं. मागच्या वर्षी हेच आवाहन आराधनेनंतर वाचून दाखवलं, माना डोलल्या, कोणी वाहवाही केली. सोमवारी हॉलमध्ये शिकवायला तेच तिघे होते. बाहेरच्या लोकांवर मंडळीचा पैसा कशाला, असंही दारात उभं राहून बोललं गेलं, ते मिसच्या बहिणीने ऐकलं. त्या माऊलीने दुसऱ्या दिवशी आपल्या पेन्शनमधून खडूचे खोके आणि नवा फळा पाठवला. यावर मी आणखी लिहीत नाही. पण आपल्या मंडळीत निवृत्त शिक्षक, नर्स, बँकेतले, रेल्वेतले इतके लोक असताना तिघांनी किती ओढायचं, हे ज्याचं त्याने मनाला विचारावं.

आता कामाचं. टिन, खालचे अँगल, वायरिंग आणि कूलरची मोटर मिळून ठेकेदाराचा अंदाज 1,85,000 रुपये, जमा 62,000, काम मेअखेर संपायला हवं. शिवाय 17 नंबर फॉर्मची फी, नववी-दहावीची पुस्तकं आणि जवळच्या चष्म्यांसाठी वेगळी रक्कम लागेल, तसं पावतीवर लिहून मागावं. चेक मंडळीच्या ट्रस्टच्या नावे, खाते क्रमांक आणि क्यूआर कोड ऑफिसबाहेरच्या फलकावर आहे, फोनवर कोणी वेगळा नंबर पाठवला तर पैसे टाकू नयेत. आयकर सवलत हवी असेल तर 2,000 रुपयांवर रोख देऊ नये, पॅन नंबर द्यावा. परदेशातल्या नातेवाइकांपैकी भारतीय नागरिक आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवू शकतात, तिकडचं नागरिकत्व घेतलेल्यांकडून आपल्या ट्रस्टला घेता येत नाही, त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. जुने टिन, वापरता येण्याजोगे पंखे, ट्यूबलाइट चालतील, फाटकी पुस्तकं कृपया नकोत. शिकवणाऱ्यांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी दीड तास द्यावा, मराठी वाचन, गणित आणि दहावीचं इंग्रजी यांची जास्त गरज आहे. बी.एड. लागत नाही, संयम लागतो. नावं रविवारी आराधनेनंतर ताईंकडे किंवा माझ्याकडे. महिला संघाने 10 तारखेला हॉल साफ करायचं ठरवलं आहे, तरुण संघाने शिडी आणि हात दोन्ही घेऊन यावं. चहा-पोह्याची सोय आहे.

प्रभूच्या सेवेत आपला,
सचिव, सायंवर्ग समिती
नागपूर

ता.क. मोतीबागवाल्या काकांच्या मुलाने टिनाचं काम मजुरी न घेता पाहायचं कबूल केलं आहे. अंदाजातून तेवढी रक्कम कमी होईल, नेमका आकडा रविवारी फलकावर लावतो.