तापमान मोजलं कसं, तेही छापा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या ब्रुकहेवन लॅबवरचा लेख वाचला. सोन्याची अणुकेंद्रं जवळपास प्रकाशाच्या वेगाने एकमेकांवर आदळली आणि ४ लाख कोटी अंश तापमान झालं, सूर्याच्या गाभ्याच्या अडीच लाख पट, असं भलंमोठं हेडिंग होतं. विज्ञानाचं पान मी फाउंड्रीतल्या बोर्डावर लावतो, चहाच्या सुट्टीत पोरं वाचतात. त्यातल्या एकाने लगेच विचारलं, "साहेब, टीप कसली वापरली असेल हो?" लेखात याबद्दल एक ओळही नाही.

प्रश्न अगदी रास्त आहे. आमच्याकडे वितळलेल्या धातूचा रस ओतायच्या आधी त्यात थर्मोकपलची, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारांच्या जोडीची, टीप बुडवतात, काही सेकंदात १४०० अंशांच्या आसपास आकडा येतो आणि टीप जळून जाते, मग पुढच्या वेळी नवी. जिथे बुडवणं जमत नाही तिथे लांबूनच रसाच्या उजेडावरून तापमान काढतात, जुने मिस्त्री तर नुसता रंग बघून सांगायचे.

ब्रुकहेवनला पण उजेडच बघितला. केंद्रं आदळल्यावर उडणारी ती ठिणगी अणुकेंद्राएवढी, सेकंदाचे एकावर २३ शून्य इतके भाग केले तर त्यातले काही मोजके भाग टिकणारी, तिच्यात बुडवणार काय? त्यातून निघणारे बाकीचे हजारो कण शेवटपर्यंत एकमेकांना धडकत राहतात म्हणून ते ठिणगी विझतानाची हकीकत सांगतात, पण फोटॉनला, म्हणजे उजेडाच्या कणाला, अणुकेंद्र बांधून ठेवणारं बल लागूच होत नाही, तो आत जसा तयार झाला तसाच सरळ बाहेर येतो. इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या (पॉझिट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनचा उलट भाराचा जुळा) आणि म्युऑनच्या (इलेक्ट्रॉनचा जड भाऊ) जोड्यांचंही तसंच.

अडचण अशी की टकरीतून निघालेले पायॉन नावाचे कण मागाहून फुटतात आणि त्यांचेच फोटॉन ढिगाने येतात, खऱ्या उष्णतेचे त्यात हरवून जातात. म्हणून ब्रुकहेवनच्याच फिनिक्स प्रयोगाच्या लोकांनी फोटॉनऐवजी इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्या धरल्या, आणि पायॉनपेक्षा जास्त वस्तुमानाच्या तेवढ्याच घेतल्या म्हणजे तो गोंगाट बराच कमी झाला. हे मला फार आवडलं, आम्ही स्लॅग (रसावर तरंगणारा मळ) बाजूला सारून मगच रस बघतो तसं आहे हे. २०१० मध्ये त्यांनी छापलेला आकडा साधारण अडीच लाख कोटी अंश, तोही ठिणगीच्या सगळ्या आयुष्याचा सरासरी. ४ लाख कोटी हे सुरुवातीचं तापमान आहे, ते गणिती मॉडेल लावून काढलेलं, थेट मोजलेलं नाही. लेखात हा फरक यायला हवा होता.

अजून एक. ठिणगी जोरात फुगत असते, त्यामुळे समोरून येणाऱ्या गाडीची शिट्टी जशी चढी ऐकू येते तसे फोटॉन आहेत त्यापेक्षा गरम दिसतात. जोडीच्या वस्तुमानावर मात्र या वेगाचा परिणाम होत नाही. युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेच्या एनए६० प्रयोगाने म्युऑनच्या जोड्यांवरून आणि जर्मनीतल्या डार्मस्टाटच्या हेडिस प्रयोगाने २०१९ मध्ये इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्यांवरून, त्यांच्या वस्तुमानावरूनच, तापमान काढलं. हेडिसचा आकडा ८० हजार कोटी अंशांच्या थोडा वर, म्हणजे ब्रुकहेवनपेक्षा कितीतरी थंड, पण तिथलं द्रव्य फार दाट, दोन न्यूट्रॉन तारे (मेलेल्या ताऱ्यांचे अतिदाट गाभे) एकमेकांवर आदळले की होतं तसं. हेडिंगसाठी तो आकडा लहान असेल, मला तरी तोच जास्त विचार करायला लावतो.

आणि कोलकात्याचा उल्लेख कसा राहिला? फोटॉन आणि म्युऑनच्या जोड्या एकत्र बघायची कल्पना तिथले भौतिकशास्त्रज्ञ बिकाश सिन्हांनी १९८३ मध्येच मांडली होती, आणि तिथल्या सायक्लोट्रॉन केंद्राच्या लोकांनी फोटॉन मोजायचं यंत्र बनवून सर्नला नेलं.

पुढच्या पुरवणीत त्या ४ लाख कोटींचा खुलासा छापा, आणि जमलं तर हेडिसचा आलेखही द्या. बोर्डावर जागा ठेवलीय.

आपला,
एक फाउंड्री सुपरवायझर, कोल्हापूर